विनंती थांब्यावरची गोचीड

कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांत हा कार्यक्रम ठरलेला असतो. कुत्र्याला अंगणात धरून बसवायचं, कानांच्या आतून, मानेच्या वळ्यांतून, पायांच्या बोटांमधून गोचिडी वेचायच्या, मग औषधी साबणाने चोळून आंघोळ घालायची. त्या दिवशी कुत्रं लख्ख. आठवडा-पंधरवडा गेला की कानात पुन्हा तेच राखाडी टपोरे दाणे. कुत्रं तर फाटकाबाहेरही गेलेलं नसतं. मग या आल्या कुठून? शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर, गल्लीतल्या भटक्यांवर, पावसाळी हवेवर आळ घेऊन झाला तरी हिशेब लागत नाही.

दुसरं कोडं माणसांचं आहे. काजूच्या बागेत दिवसभर राबून आलेल्या किंवा गडावरून उतरलेल्या माणसाला रात्री आंघोळ करताना कमरेपाशी तिळाएवढं काहीतरी हाताला लागतं. नखाने खरवडलं तरी ते निघत नाही. मुंगी चावली की आपण तत्क्षणी झटकतो, डास बसला की चापट मारतो. हिने तर कातडीत तोंड रोवलं, तासन्‌तास रक्त प्यायलं आणि आपल्याला पत्ताच नाही!

दोन्ही कोडी गोचिडीच्या जगण्याच्या रीतीतून सुटतात. ती रीत एकदा कळली की कोणते उपाय करायचे आणि कोणते सोडून द्यायचे, याची यादी पाठ करावी लागत नाही.

धावत नाही, उडत नाही

गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचवाच्या नात्यातली. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. पंख नाहीत आणि उडी मारण्याजोगे पायही नाहीत. पिसू उड्या मारते, म्हणून गोचीडही मारत असेल, असं लोक धरून चालतात. झाडावरून ती टपकन मानेवर पडते, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. खरं तर मानेवर सापडलेली गोचीड बहुधा पोटरीवरून चढाई सुरू करून तिथवर पोचलेली असते.

गावाकडच्या विनंती थांब्यावर एसटीसाठी उभा असलेला माणूस आठवा. तो गाडीच्या मागे धावत नाही. गाडी जिथून जाणार तिथे जाऊन थांबतो आणि ती दिसली की हात पुढे करतो. गोचिडीचं अगदी तसंच आहे. गवताच्या पात्याच्या किंवा बुटक्या झुडपाच्या टोकाशी ती चढते, मागच्या पायांनी पातं धरते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून बसते. या पुढच्या पायांवर एक बारीक खळगा असतो. त्याला हॅलरचं इंद्रिय म्हणतात. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास, हवेतला ओलावा, हे सगळं तिला तिथून कळतं. जनावर किंवा माणूस त्या पात्याला घासून गेला की ती त्याला पकडते. घासून गेलाच नाही, तर ती काही करू शकत नाही.

थांबा निवडण्यात मात्र ती चुकत नाही. गुरांची पायवाट, पाणवठ्याची वाट, जनावरं रवंथ करत बसतात ती सावली, कुजट पाचोळ्याचा थर, ही तिची ठिकाणं. तिची मोठी अडचण म्हणजे कोरडी हवा. उघड्यावर वाट पाहताना अंगातलं पाणी उडून जातं, मग तिला खाली पाचोळ्यात उतरावं लागतं. तिथल्या दमट हवेतला ओलावा शोषून ती पुन्हा वर चढते. म्हणूनच झाडून-सारवून ठेवलेल्या, ऊन लागणाऱ्या अंगणात ती फारशी सापडत नाही आणि त्याच अंगणाच्या कडेला रचलेल्या पाचोळ्याच्या ढिगात सापडते.

चावा कळत का नाही

गोचिडीच्या तोंडात कातडी कापणारे दोन अवयव असतात आणि त्यांच्यामध्ये एक दांडी. दांडीवर मागे वळलेल्या दात्यांच्या ओळी असतात. आत जाताना दाते अडत नाहीत, बाहेर ओढताना अडकतात. बऱ्याच जाती यावर तोंडाभोवती घट्ट होणारा चिकट पदार्थ सोडून बैठक पक्की करतात. जागा बधिर करणं, रक्त गोठू न देणं, सूज आणि खाज दाबून ठेवणं ही कामं तिच्या लाळेतली द्रव्यं करतात. डासाला काही मिनिटं पुरतात; गोचिडीला कित्येक दिवस एकाच जागी बसायचं असतं. दुखलं किंवा खाजलं तर ती उपटली जाणार, म्हणून इतका बंदोबस्त.

पोटभर प्यायलेल्या मादीचं वजन शंभरपटीपर्यंत वाढू शकतं. एवढं रक्त मावावं म्हणून ती त्यातलं जास्तीचं पाणी वेगळं काढते आणि लाळेवाटे परत त्याच जनावराच्या अंगात सोडते. रोग पसरतो तो या परतीच्या वाटेने. आधीच्या एखाद्या आजारी जनावराकडून तिने घेतलेले जंतू लाळेबरोबर नव्या अंगात उतरतात.

इथे वेळेचा प्रश्न येतो. न्यू जर्सी किंवा कनेक्टिकटकडे राहणाऱ्या मराठी घरांना लाईम नावाचा रोग चांगला परिचयाचा असतो. विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये त्याचा जिवाणू गोचिडीत शोधून काढला. हा जिवाणू गोचिडीच्या आतड्यात राहतो. रक्त मिळायला लागल्यावर तो लाळग्रंथीकडे सरकतो, म्हणून संसर्गाला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो. ‘एका दिवसाच्या आत काढली तर काळजी नाही’ हा नियम तिथून आला आणि मोबाइलवरून आपल्याकडेही फिरू लागला. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावणं मला धोक्याचं वाटतं. लाळेत आधीच हजर असलेल्या विषाणूला कुठे सरकावं लागत नाही. अमेरिकेतला पोवासन हा विषाणू गोचिडीतून उंदरात पंधरा मिनिटांत पोचल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, आणि सह्याद्रीतला माकडतापाचा विषाणू त्याच कुळातला आहे.

एका आयुष्यात तीन जेवणं

अंड्यातून सहा पायांची अळी बाहेर पडते, खसखशीच्या दाण्याहून लहान. ती एकदा रक्त पिते, खाली पडते, कात टाकते आणि आठ पायांचं पिल्लू होते. शास्त्रात त्याला निम्फ म्हणतात. पिल्लू दुसरं जेवण घेतं, खाली पडतं, कात टाकून प्रौढ होतं. प्रौढ मादी तिसरं जेवण घेते, खाली पडते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. काही जाती अख्खं आयुष्य एकाच जनावरावर काढतात, गुरांवरची एक नेहमीची गोचीड तशीच आहे. पण बहुतेक जातींत हा प्रत्येक जेवणानंतर खाली पडण्याचा क्रम चुकत नाही.

कुत्र्याचं कोडं इथेच सुटतं. आपल्या कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड तिन्ही जेवणं शक्यतो कुत्र्याकडूनच घेते आणि तिला रानाची गरज नसते, घर पुरतं. पोट भरलं की ती गळून पडते आणि आडोसा शोधत भिंतीवर चढते. दाराच्या चौकटीमागची फट, गिलाव्याची भेग, कपाटाची मागची बाजू, कुत्र्याच्या गोणपाटाची शिवण, जिन्याखालचा कोपरा, अशा जागी कात टाकली जाते, अंडी घातली जातात. उपाशीपोटी ती काही महिने काढू शकते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावरून आपण वेचतो त्या फक्त त्या वेळी जेवायला बसलेल्या गोचिडी. बाकीच्या घरातच, भिंतीत, पुढच्या पंगतीची वाट पाहत असतात.

सह्याद्रीतला माकडताप

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडं मरून पडू लागली आणि त्याच सुमारास गावांतली माणसं तीव्र तापाने आजारी पडली. माकडं आणि माणसं एकदम मरताहेत म्हटल्यावर पहिली धास्ती पीतज्वराची होती. तो आजवर भारतात शिरलेला नाही, पण त्याला पसरवू शकणारे डास इथे मुबलक आहेत. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तपास केला तेव्हा डासांचा संबंध निघाला नाही. विषाणू नवाच निघाला, त्याचे नातलग रशियातल्या गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंत सापडले आणि वाहक निघाली हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही रानगोचीड. रोगाला जंगलाचं नाव मिळालं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. लोक त्याला माकडताप म्हणतात.

पुढची कित्येक दशकं तो कर्नाटकाच्या त्या टापूतच राहिला. गेल्या दीड दशकात मात्र तो घाटाच्या कण्यावरून दोन्ही दिशांना सरकलेला दिसला. दक्षिणेला वायनाड आणि निलगिरी. उत्तरेला २०१५ मध्ये गोव्यातला सत्तरी तालुका, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं केर गाव, त्यानंतर बांदा परिसर.

माकडाचा यातला वाटा नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याच्यावर फुकट राग काढला जातो. विषाणू रानात गोचिडी आणि उंदीर-चिचुंद्रीसारखे छोटे प्राणी यांच्यात फिरत असतो. वानर किंवा लाल तोंडाचं माकड यांना लागण झाली की तो त्यांच्या रक्तात प्रचंड वाढतो आणि ती मरतात. मेलेल्या अंगावर गोचिडी थांबत नाहीत. त्या उतरतात आणि त्या झाडाखालचा पाचोळा विषाणू घेतलेल्या गोचिडींनी भरून जातो. माणूस तिथून जातो तेव्हा त्याला लागण होते. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. गुरांना त्याचा विशेष त्रास नाही, पण प्रौढ गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसल्या जातात आणि रानातून गोठ्यापर्यंत प्रवास करतात.

आता वेळापत्रक पाहा. पावसानंतर अळ्या निघतात आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत पिल्लांचा सुकाळ असतो. माणसाला मुख्यत्वे चावतात ती पिल्लंच, आणि ती इतकी बारीक की तिळाशी गल्लत व्हावी. कोकणात रानात जाण्याचे दिवसही नेमके तेच. लाकूडफाटा आणायचा, भाजावळीसाठी कवळ तोडायचं, गोठ्यात अंथरायला पातेरा गोळा करायचा आणि मग काजूचा हंगाम. काजू वेचणारा माणूस तर पाचोळ्यात वाकूनच काम करतो. गोव्यात आणि दोडामार्गात काजूच्या बागांत राबणारी माणसं आधी आजारी का पडली, त्याचं उत्तर या वेळापत्रकात आहे.

चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी-ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं. काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येतं, काहींना एकदा बरं वाटून पुन्हा ताप चढतो आणि मेंदूवर परिणाम दिसतो. लागण झालेल्या शंभरांत तीन ते पाच जण दगावतात. विषाणूला मारणारं खास औषध नाही. वेळेवर मिळालेल्या शुश्रूषेनेच माणसं वाचतात. पूर्वी कर्नाटकात लस दिली जात असे, पण तिचा उपयोग अपुरा ठरल्याने ती थांबवण्यात आली आणि नव्या लशीवर काम सुरू आहे. तोवर भिस्त गोचीड अंगाला लागू न देण्यावरच. मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात लावू नये, कुत्र्यालाही तिकडे जाऊ देऊ नये, आणि आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावं. ते त्या जागेभोवती कीटकनाशक भुकटी टाकतात.

रानात जाताना

विनंती थांबा लक्षात ठेवला तर कपड्यांचं सूत्र आपोआप कळतं. गोचीड खालून वर चढते, म्हणून पँटचे पाय मोज्यांत खोवायचे आणि शर्ट पँटमध्ये. दिसायला गबाळं दिसतं, दिसू द्यावं. कापड फिक्या रंगाचं असलं की चढणारा ठिपका दिसतो. पायवाटेच्या मधून चालावं, कडेच्या गवताला घासून नाही. पाचोळ्यावर बूड टेकू नये, पडलेल्या ओंडक्यावरही नाही. सॅकसुद्धा उघड्या कातळावर ठेवावी.

उघड्या अंगाला लावायला डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम चालतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेलं डीपा तेल कर्नाटकात माकडतापाच्या गावांत वाटलं जातं. मलम घेताना वेष्टनावर गोचिडीचा उल्लेख आहे का, ते पाहावं. माणसाचं मलम कुत्र्या-मांजराला लावू नये, ती अंग चाटतात.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा उपाय घरी आल्यावरचा आहे. शक्यतो दोन तासांच्या आत आंघोळ करावी आणि अंग नीट चाचपावं. गुडघ्यामागे, जांघेत, कमरेला, काखेत, बेंबीत, कानांमागे, केसांच्या मुळाशी. मुलांचं मोठ्यांनी पाहावं. चढल्यावर मऊ जागा शोधत गोचीड बराच वेळ भटकते, तेवढ्यात ती साबण-पाण्याने वाहून जाते. कपडे मात्र गार पाण्याच्या बादलीत बुडवून ती मरत नाही. कडकडीत गरम पाणी हवं.

> चौकट: चिकटलेली गोचीड काढताना
>
> बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत, तोंडापाशी धरा. सरळ वर, एकसारखा जोर लावून ओढा. पिळू नका, हिसका देऊ नका.
>
> रॉकेल, तेल, व्हॅसलीन, चुना, अगरबत्तीचा चटका, यांतलं काहीही नको. डिवचलेली गोचीड जास्त लाळ आणि पोटातला ऐवज आत सोडू शकते. फुगलेल्या पोटाला धरून दाबल्यानेही तेच होतं.
>
> तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरू नका, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा आणि हात साबणाने धुवा.
>
> काढलेली गोचीड नखांवर चिरडू नका. गुजरातमध्ये २०११ मध्ये भारतात प्रथम आढळलेला काँगो ताप गोचीड चिरडल्यानेही होऊ शकतो. तिला स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि तारीख लिहून ठेवा.

कुत्र्या-मांजरांसाठी

आधी तपासणी. रोज पाच मिनिटं, बोटांनी, केसांच्या उलट दिशेने. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांमध्ये, काखेत, शेपटीखाली.

मग औषध. मानेवर टाकायचे थेंब, फिप्रोनिलचे वगैरे, कातडीच्या तैलग्रंथींत साठतात आणि हळूहळू केसांवर पसरतात. हे माहीत नसल्याने लोक कुत्र्याला खसखसून आंघोळ घालून त्याच दिवशी थेंब टाकतात, आणि मग औषध खोटं निघालं म्हणतात. आंघोळीने ते तेलच निघून गेलेलं असतं. थेंबांच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. दुसरा प्रकार पोटात द्यायच्या गोळ्यांचा, अफोक्सोलॅनर, फ्लुरालॅनर वगैरे. हे औषध रक्तात राहतं, म्हणून गोचीड चावल्यावरच मरते. अंगावर एखादी दिसली म्हणून गोळी वाया गेली असं नाही. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या देण्याआधी पशुवैद्यांशी बोलायलाच हवं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आपल्याकडे सर्रास टोचलं जातं, पण कोली वंशाच्या कुत्र्यांना ते मेंदूत शिरून जीवघेणं ठरू शकतं.

मांजराच्या बाबतीत एकच गोष्ट पाठ करा. कुत्र्याचं औषध मांजराला नाही. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते नीट मोडून टाकता येत नाही. थरथर, झटके आणि मृत्यूपर्यंत मजल जाते. घरात दोन्ही असतील तर कुत्र्यावरचं औषध वाळेपर्यंत मांजराला दूर ठेवावं. सशाला फिप्रोनिल वर्ज्य. आणि इंटरनेटवर फिरणारा लसूण खाऊ घालण्याचा उपाय कृपा करून करू नये. लसूण-कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे जे गोचीडताप करतो तेच आपण करतो.

गोचीडतापाची चिन्हंही ओळखून ठेवावीत. एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो, तर बबेसिया हा सूक्ष्मजीव तांबड्या पेशी फोडतो. कुत्रं खाणं सोडतं, सुस्त होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येतं किंवा लघवी कॉफीच्या रंगाची होते. रक्ताची तपासणी करून वेळेत औषध सुरू झालं तर बरीच कुत्री वाचतात. घरातली तापाची गोळी देऊन वाट पाहू नये. मांजरासाठी तर पॅरासिटामॉल विषच आहे.

घराकडे दुर्लक्ष केलं तर वरचं सगळं अर्धवट. कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यातून काढावं, भेगा बुजवाव्यात, चौकटी आणि भिंतीचे वरचे कोपरे झाडावेत, गरज पडल्यास जाणकाराकडून फवारणी करून घ्यावी आणि वाळेपर्यंत जनावरं बाहेर ठेवावीत. अंड्यांवर फवारणीचा असर होत नाही, म्हणून ती पुन्हा करावी लागते आणि कुत्र्याचं औषधही निदान तीन-चार महिने सलग चालू ठेवावं लागतं. पहिल्या महिन्यात गोचिडी दिसेनाशा झाल्या की लोक थांबतात. भिंतीतली पुढची पिढी तेव्हा नुकतीच उपाशी झालेली असते.

ताप आला तर

रानातून आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: कुठे गेलो होतो, कधी गेलो होतो आणि गोचीड चिकटली होती का. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. काजूच्या हंगामात दोडामार्गचे किंवा सत्तरीतल्या वाळपईचे डॉक्टर बहुधा स्वतःच माकडतापाचं विचारतील. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यात तापाच्या रुग्णाची आधी डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी होते, आणि सुट्टीत गावी जाऊन बागेत हात लावून आलेला चाकरमानी आजारी पडतो तो परतल्यावर, शहरातच.